युरोपातलं महायुद्ध संपवणारा खोका: वर्गात वापरून पाहिल्यावर

दुसऱ्या महायुद्धाच्या युरोपातल्या शेवटासाठी माझ्या वाट्याला वर्षाकाठी एक तास येतो. स्नेहसंमेलनाच्या तालमी आड आल्या तर अर्धाच. फळ्यावर लिहायचं, ‘हिटलरची आत्महत्या, जर्मनीची शरणागती, ८ मे १९४५’. मुलांनी उतरवून घ्यायचं, की घंटा. १९ वर्षं हेच केलं. या वर्षी मात्र मुख्याध्यापकांच्या मागे लागून एक वर्गसंच मागवला आणि त्या एका तासाचे सहा तास झाले. सहावा तास गणिताच्या बाईंकडून उसना घेतला, तो अजून फेडायचा आहे.

संचाचं नाव देत नाही. पुढे त्याच्या चुकाही सांगणार आहे, आणि बनवणारी माणसं फोनवर तरी सालस वाटली. ज्यांच्या शाळेत हा खोका आहे त्यांना वर्णनावरून कळेलच.

आत काय काय आहे? भिंतीवर लावायचा युरोपचा नकाशा, १ एप्रिल ते ९ मे अशी लांबलचक कालपट्टी, शरणागतीच्या दोन मूळ कागदांच्या प्रती मराठी भाषांतरासह, छायाचित्रांची कार्डं, भूमिका करायची कार्डं, पुठ्ठ्याची तीन घड्याळं आणि शिक्षकासाठी एक पुस्तिका. पुस्तिका निम्मी वाचून मी बाजूला ठेवली. ‘विद्यार्थ्यांमध्ये जिज्ञासा जागृत करावी’ असली वाक्यं वाचायला मला पुस्तिका कशाला लागते?

घड्याळांपासून सुरुवात करते, कारण खरी गंमत तिथे झाली.

पॅरिस-बर्लिन, लंडन आणि मॉस्को अशी ही तीन घड्याळं. खेळ साधा आहे. शरणागतीच्या कागदावर लिहिलंय की मध्य युरोपीय वेळेनुसार ८ मे १९४५ ला रात्री ११ वाजून १ मिनिटाने सगळ्या जर्मन फौजांनी लढाई थांबवायची. पहिल्या घड्याळात ११:०१ लावा, मग विचारा, त्या क्षणी लंडनमध्ये किती वाजले होते? मॉस्कोत किती? संचाच्या उत्तरपत्रिकेत लंडन रात्रीचे १०:०१ आणि मॉस्को पहाटेचे १:०१ दिलंय. मुलांनी काटे फिरवले, मीही मान डोलावली.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी ती तासभर वहीच्या शेवटच्या पानावर पक्षी काढत असते. तिच्या हातात चर्चिलचं कार्ड होतं. ८ मेच्या दुपारी ३ वाजता त्याने रेडिओवरून केलेल्या भाषणाचा सारांश त्यावर होता. ती म्हणाली, “बाई, हे म्हणतायत लढाई आज मध्यरात्रीनंतर एका मिनिटाने थांबणार. आणि घड्याळ म्हणतंय रात्रीचे दहा. मग खोटं कोण बोलतंय?”

मी गप्प. पुस्तिका काढली, तिच्यात काही नाही. “उद्या सांगते,” म्हणाले. हे वाक्य मी वर्षातून फार तर दोनदा वापरते.

उत्तर सापडलं ते भूगोलाच्या सरांमुळे. युद्धकाळात ब्रिटनने उन्हाळ्यात घड्याळं एक नाही, दोन तास पुढे नेली होती, दिवसाचा उजेड पुरवून वापरायला. १९४५ च्या मे महिन्यात लंडन ग्रिनिचच्या दोन तास पुढे होतं. कागदावरची मध्य युरोपीय वेळ म्हणजे ग्रिनिचच्या एक तास पुढे. म्हणजे कागदावर ११:०१ वाजले तेव्हा लंडनमध्ये वाजले होते रात्रीचे १२:०१. चर्चिल बरोबर होता. संच बनवणाऱ्याने लंडन आणि बर्लिनमधला आजचा फरक उचलून ८० वर्षं मागे नेऊन चिकटवला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं तेव्हा त्या मुलीचा चेहरा बघायला हवा होता. छापलेली उत्तरपत्रिका चूक आणि आपण बरोबर! त्यानंतर वर्गातला प्रत्येक जण प्रत्येक कार्डावर संशय घ्यायला लागला. इतिहासाच्या शिक्षकाला आणखी काय हवं? तेव्हा हा संचाचा दोष धरू की गुण, माझं मलाच ठरवता येत नाहीये. बनवणाऱ्यांना कळवलं, तर “पुढच्या आवृत्तीत नक्की” असं उत्तर आलं. तोवर आमच्या उत्तरपत्रिकेवर पेन्सिलीने दुरुस्ती.

आता त्या दोन कागदांकडे येते. एकच युद्ध दोनदा कसं संपलं हा प्रश्न आजवर मी टाळत आले होते. संचाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायला लावले. पहिला ७ मेच्या पहाटे २:४१ चा, फ्रान्समधल्या रँसचा. (संचात सगळीकडे ‘रीम्स’ छापलंय, असो.) दुसरा बर्लिनच्या कार्ल्सहोर्स्ट भागातला. त्याच्यावर सह्या होईपर्यंत मध्यरात्र उलटली होती, पण कागदावरची तारीख ८ मेच राहिली.

रँसला सह्या झाल्या त्या एका शाळेत, हे मुलांना फार आवडलं. लाल विटांची मुलांची तांत्रिक शाळा. पश्चिमेकडच्या मित्रराष्ट्रांच्या फौजांचे सरसेनापती आयसेनहॉवर यांचं मुख्यालय तेव्हा तिथे होतं आणि भिंतींवर युद्धाचे नकाशे लागलेले. “म्हणजे शाळेत युद्ध संपलं?” “आणि आयसेनहॉवर वर्गात होते का?” नव्हते. सह्यांच्या वेळी ते त्या खोलीत आलेच नाहीत. त्यांच्या वतीने बेडेल स्मिथने सही केली, जर्मनीकडून जनरल योडलने, सोव्हिएत प्रतिनिधी म्हणून सुस्लोपारोव्हने. हे कार्ड उत्तम जमलंय. त्यात सनावळी कमी आणि खोली जास्त आहे.

मग दोनदा का? याचं उत्तर मुलांनी पहिल्या कागदाच्या कलम ४ मध्ये शोधलं. हा कागद पुढे होणाऱ्या सर्वसाधारण शरणागतीच्या आड येणार नाही, तसा दस्तऐवज झाला तर तोच याची जागा घेईल, असं तिथे आधीच लिहून ठेवलंय. स्टालिनला रँस मंजूर नव्हतं. सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गमावलेल्या देशाच्या दृष्टीने शेवट बर्लिनमध्ये, सोव्हिएत मार्शल झुकॉव्हसमोरच व्हायला हवा होता. वर्गात मी एवढंच विचारलं, “सही कुठे होते याने काय फरक पडतो?” एका मुलाने सांगितलं, “बाई, भांडण मिटवायला कोण कोणाच्या घरी जातं यावरच तर ठरतं कोण हरलं ते.” मी पुढे काही बोलले नाही.

बर्लिनच्या कागदावर जर्मनीच्या तीन सह्या आहेत. सैन्याच्या सर्वोच्च मुख्यालयाचा कायटेल, नौदलाचा फ्रीडेबुर्ग आणि हवाई दलाचा श्टुम्फ. तिन्ही दलांची माणसं समोर बसवण्यामागे १९१८ चा धडा होता. तेव्हा, पहिलं महायुद्ध थांबवताना, फ्रान्समधल्या कोंपिएन्यच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात जर्मन शिष्टमंडळाचा प्रमुख होता एर्त्सबर्गर, एक मुलकी राजकारणी. सेनापती नामानिराळे राहिले. मग पुढची कित्येक वर्षं ‘सैन्य हरलंच नव्हतं, घरच्यांनीच पाठीत खंजीर खुपसला’ ही बोंब मारायला ते मोकळे. एर्त्सबर्गरचा १९२१ मध्ये खून झाला. १९४५ मध्ये ती पळवाट नको होती. हा दुवा पुस्तिकेत चार ओळींत उरकलाय. मी त्यावर अर्धा तास घालवला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

भाषांतराची चूक सापडली ती याच ठिकाणी, आणि ही मात्र मला माफ करवत नाही. कोंपिएन्यचं कार्ड म्हणतं ‘तह’. रँसचं कार्ड म्हणतं ‘शरणागतीचा तह’. अहो, हा काय प्रकार आहे! आमच्या मुलांना तह म्हटलं की पुरंदर आठवतो. दोन बाजू बसल्या, देणंघेणं ठरलं, किल्ले गेले. ‘युद्धात जिंकले, तहात हरले’ हे वाक्य ती घरी क्रिकेटवरून भांडतानाही वापरतात. १९१८ ला कोंपिएन्यला झाली ती शस्त्रसंधी, म्हणजे लढाई थांबवायचा करार. तह नंतर व्हर्सायला झाला. आणि १९४५ ला तह नव्हताच मुळी. बिनशर्त शरणागती, देणंघेणं काही नाही, सही करा. जर्मनीचा प्रश्न कायदेशीरपणे निकालात निघायला १२ सप्टेंबर १९९० उजाडावं लागलं. त्या दिवशी मॉस्कोत दोन जर्मनी आणि चार विजेत्यांनी करारावर सह्या केल्या, आणि त्या करारालाही शांततेचा तह असं नाव नाही. शब्द चुकला की इथे अख्खा मुद्दाच उलटा होतो. कार्डावरचा ‘तह’ मी खोडून टाकला. खोडायला लावणारा संच विकत घेतलाय याचं वाईट वाटलं, कारण तो स्वस्त नाही.

भूमिकांच्या खेळात वर्गाचे गट पाडायचे. एक गट उत्तर जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गमधल्या ॲडमिरल ड्योनिट्झच्या सल्लागारांचा. हिटलरने ३० एप्रिलला आत्महत्या केल्यावर राष्ट्राध्यक्षपद ड्योनिट्झकडे आलं. दुसरा गट आयसेनहॉवरचा. ड्योनिट्झचा डाव असा की पश्चिमेला तुकड्यातुकड्यांनी शरण जायचं आणि पूर्वेकडून जितके सैनिक, जितके लोक पश्चिमेला सरकवता येतील तितके सरकवायचे. ४ मेला ल्युनेबुर्गच्या माळावर ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीसमोर वायव्य जर्मनी, हॉलंड आणि डेन्मार्कमधल्या फौजांची शरणागती झाली, ती याच डावात बसणारी. आयसेनहॉवर मात्र बधला नाही. सगळ्या आघाड्यांवर एकदम, नाहीतर आमची फळी बंद, पश्चिमेला कोणालाच घेणार नाही. तिथून योडलला फक्त ४८ तास पदरात पाडून घेता आले.

खेळ म्हणून हा भाग रंगतो. पण पंधरा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की वर्ग ड्योनिट्झच्या बाजूने गेलाय. “बाई, तो तर लोकांना वाचवतोय!” कार्डं तशीच लिहिलीत. निर्वासितांची जहाजं आहेत, थंडी आहे, आया आहेत. हे खोटं नाही. पण त्याच यंत्रणेचा दुसरा चेहरा संचात नाही. १३ मे १९४५ ला, म्हणजे सगळं संपून चार दिवस उलटल्यावर, ॲमस्टरडॅममध्ये कॅनडाच्या ताब्यातल्या जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन अधिकाऱ्यांनीच न्यायालय भरवलं आणि नौदलातून पळालेल्या दोन जर्मनांना मृत्युदंड दिला. गोळ्या घालायला बंदुका पुरवल्या कॅनेडियन सैन्याने. हे मी तोंडी सांगितलं तेव्हा वर्ग शांत झाला. “पण युद्ध तर संपलं होतं ना?” असं तिघाचौघांनी एकदम विचारलं. संचाने हा प्रश्न विचारायला लावायला हवा होता, तो माझ्यावर सोडला.

छळछावण्यांचंही तेच. त्यांना एकच कार्ड आहे, वेगळ्या रंगाचं, जणू तो वेगळा धडा. कालपट्टीवर त्यांच्या तारखाच नाहीत. आम्ही लाल पेनने भरल्या. ११ एप्रिल बुखेनवाल्ड, १५ एप्रिल बर्गन-बेल्सन, २९ एप्रिल डाखाउ, ५ मे माउटहाउझेन. २९ एप्रिलच्या चौकटीत संचाने ठळक छापलंय की बंकरमध्ये हिटलरचं लग्न लागलं. त्याच चौकटीत डाखाउ लिहायला वर्गातल्या मुलीला जागा पुरेना, मग तिने लग्नावर चिठ्ठी चिकटवली. मी अडवलं नाही.

छायाचित्रांची कार्डं मात्र झकास. बर्लिनमधल्या राइखस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, लाल झेंडा लावणारा सैनिक सगळ्यांनी पाहिलेला असतो. सोव्हिएत छायाचित्रकार येवगेनी खाल्देईने तो फोटो २ मेला काढला. झेंडा तो स्वतः मॉस्कोहून घेऊन आला होता. छापताना धूर गडद केला आणि झेंडेवाल्याला आधार देणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातावरच्या दोन घड्याळांपैकी एक खरवडून काढलं, कारण दोन घड्याळं म्हणजे लुटीचा संशय. मूळ आणि बदललेला असे दोन्ही फोटो शेजारी आहेत, आणि फरक शोधा म्हटल्यावर दिवाळी अंकातलं कोडं सोडवायला बसावं तशी मुलं बसली. पत्रकार एड केनेडीचं कार्डही असंच. रँसची बातमी दाबून ठेवायची अट होती. ७ मेला फ्लेन्सबुर्गच्या जर्मन रेडिओने शरणागती सांगून टाकल्यावर त्याने अट मोडून बातमी धाडली. असोसिएटेड प्रेसने त्याला काढलं आणि २०१२ मध्ये माफी मागितली. तेव्हा तो हयात नव्हता. या एका कार्डावर दोन मुलांची मधल्या सुट्टीपर्यंत बोलाचाली बंद होती.

नकाशाबद्दल थोडक्यात सांगते. छपाई चांगली, कापड टिकाऊ, सीमा आजच्या. १९४५ च्या नकाशावर आजचा जर्मनी काढल्यावर क्योनिग्सबर्ग (आजचं रशियातलं कालिनिनग्राद) तेव्हा जर्मनीत का, हे मुलांना कसं समजावणार? आणि इटली नुसतीच हिरवी रंगवून मोकळे झालेत. इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती २९ एप्रिलला कासेर्ताच्या राजवाड्यात सह्या होऊन २ मेला अमलात आली. बाकी सगळ्या शरणागतींच्या आधी कागद झाला तो हाच, पण पट्टीवर त्याला एक ओळ. त्याच्या तीनच आठवडे आधी, ९ एप्रिलला, सेनिओ नदीच्या काठावर मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई नामदेव जाधव एका जखमीला खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून घेऊन आला, मग दुसऱ्याला आणायला परत गेला. नंतर एकट्याने शत्रूच्या मशिनगनच्या ठाण्यांवर चालून गेला, हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून बॉम्ब फेकले, आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठी संच, मराठी मुलं, आणि हे कार्ड नाही. बनवणाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात मी सगळ्यात जास्त शाई इथे खर्च केली.

व्यवहाराचं सांगायचं तर ४० मुलांच्या वर्गाला एक संच पुरत नाही. भूमिकेची कार्डं जास्तीत जास्त २४ हातांत जातात, उरलेले खिडकीबाहेर बघतात. घड्याळांचे काटे तिसऱ्या दिवशी निखळले, त्यांना टाचण्या लावल्या. ज्या शिक्षकाला एकाच तासात शेवट उरकायचा आहे त्याने या खोक्याच्या वाटेला जाऊ नये. तीन तास तरी मोकळे करता येत असतील, आणि कार्ड हातात घेतल्यावर ‘हे खरं का?’ विचारायची स्वतःला सवय असेल, तर घ्या. शक्यतो दोन शाळांनी मिळून घ्या. पाचपैकी साडेतीन देते. लंडनचं घड्याळ, तह आणि इटली दुरुस्त केलं तर साडेचार.

कालपट्टी ९ मेला संपते, ही शेवटची तक्रार. मुलांनी विचारलं, “मग १० मेला सगळीकडे शांतता?” कुठली! बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, लढाई चालूच होती. फ्रान्सच्या किनाऱ्यावरची सँ-नाझेरची जर्मन ठाणी ११ मेला शरण आली. हॉलंडच्या टेक्सेल बेटावर जर्मन सैन्यातल्या जॉर्जियन सैनिकांनी एप्रिलमध्ये बंड केलं होतं, ते रक्तपात होत होत २० मेपर्यंत चाललं. ड्योनिट्झचं सरकार २३ मेला पकडलं, तोवर ते कागदी का होईना, होतंच. आणि उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्डला हवामान केंद्र चालवणारे ११ जर्मन होते. युद्ध संपल्याचं त्यांना रेडिओवरून कळलं, पण त्यांना घ्यायला कोणी येईना. नॉर्वेचं सील पकडणारं जहाज पोचलं आणि त्यांनी शरणागती दिली, तो दिवस होता ४ सप्टेंबर.

वर्गाला हे ११ जण फार भावले. कालपट्टी भिंतीच्या कडेपाशीच संपत असल्याने ४ सप्टेंबरला जागा उरली नाही. पक्षी काढणाऱ्या मुलीने वहीच्या पुठ्ठ्याचं कार्ड केलं, त्यावर ११ छोटी माणसं आणि एक सील काढला, आणि पट्टीपासून चार हात लांब, खिडकीच्या चौकटीवर टाचलं. झाडणाऱ्या मावशी रोज विचारतात, हे इथून काढू का?